‘वऱ्हाड’ नीट उमटते का? जुन्या वळणाच्या सजावटी देवनागरी फॉन्टचे परीक्षण

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील आमच्या गावात, बाजाराच्या रस्त्यावर माझे अक्षरजुळणीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, कृषी केंद्रांचे फलक, भागवत सप्ताहाची पत्रके, शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतींचे) फ्लेक्स आणि हंगामात संत्र्याच्या पेट्यांवरील लेबले ही माझी नेहमीची कामे. गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकांची एक मागणी वारंवार कानावर येऊ लागली आहे, ती म्हणजे ‘जुन्या टाइपाची अक्षरे द्या’. कुणी वडिलांच्या लग्नाची पिवळी पडलेली पत्रिका घेऊन येतो, कुणी मोबाइलवर मुंबईच्या एखाद्या हॉटेलच्या पाटीचे छायाचित्र दाखवतो, तर सप्ताहवाल्या मंडळींना पोथीसारखे अक्षर हवे असते. या तीन माणसांना हवे असलेले ‘जुने’ तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले आहे, हे समजायला मला बराच काळ लागला. पहिले शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या छापखान्यातले, दुसरे पेंटरच्या ब्रशातले आणि तिसरे बोरूतले.

या मागणीपोटी मी दोन वर्षे यात्रा वन, रोझा वन, जैनी आणि मोदक हे चार शीर्षकाचे फॉन्ट आणि त्यांच्या जोडीला मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट सातत्याने वापरला. हे सर्व गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात. ते मुक्त परवान्याखाली असल्यामुळे गिऱ्हाइकाच्या व्यावसायिक कामात वापरण्यास कोणतीही आडकाठी नाही. फक्त फॉन्टची फाइल एकटीच विकता येत नाही. माझ्यासारख्या गावातल्या दुकानदाराला ही मोठी सोय आहे, कारण अक्षरांच्या सीडीची नक्कल करून वापरण्याची आमच्या धंद्यात पडलेली सवय त्यामुळे सोडता येते आणि काम ताठ मानेने करता येते.

कोणताही फॉन्ट घेतला की मी त्यात सर्वांत आधी दोन शब्द टंकतो : वऱ्हाड आणि पऱ्हाटी. शेजारच्या भागाचे नाव आणि आपल्या शेतातले कापसाचे पीक या दोन्हींत अर्ध्या ‘र’चे ते आडवे, चंद्रकोरीसारखे रूप येते आणि देवनागरीतल्या बहुतेक भाषांना त्याची गरज पडत नसल्यामुळे पुष्कळ फॉन्ट नेमके तेथेच घसरतात. ज्या फॉन्टमध्ये हे रूप काढलेलेच नसते, तो मुकाट्याने रफार काढून ‘वर्हाड’ असे छापतो. हा फरक केवळ दिसण्याचा नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. आचार्यांना बोलावले तर पूजा होते आणि आचाऱ्यांना बोलावले तर स्वयंपाक. पत्रिकेत ‘वऱ्हाडी मंडळींनी’ हा शब्द तर ठरलेलाच असतो. तीन वर्षांपूर्वी मी ‘पारंपरिक सुलेखन’ या नावाखाली विकला जाणारा एक फॉन्टसंच पैसे मोजून घेतला होता. चारशे पत्रिका छापून झाल्यावर नवऱ्या मुलीच्या मामांनी त्या शब्दावर बोट ठेवले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की संचात ते अक्षरच नव्हते. कागद, शाई आणि मजुरी माझ्या अंगावर पडली ते सोसता आले, परंतु मुलीच्या घरच्या माणसांसमोर मान खाली घालावी लागली ते अजून विसरता येत नाही. वर सांगितलेले पाचही फॉन्ट या दोन शब्दांच्या परीक्षेत उतरले, म्हणूनच त्यांच्याविषयी लिहीत आहे.

दुसरी तपासणी ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीच्या वर्णमालेचे आणि अक्षररूपांचे प्रमाणीकरण केले आणि त्यात पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ या मराठी वळणाच्या रूपांना स्थान दिले. हिंदी छपाईत या दोन्ही अक्षरांची रूपे वेगळी असतात. आमच्याकडे शालिक, शालिनी ही नावे घरोघरी आहेत आणि त्यांत ही दोन्ही अक्षरे लागोपाठ येतात. ती हिंदी वळणात छापली की वाचता येतात खरी, परंतु म्हाताऱ्या माणसाला आपले नाव परक्याने लिहिल्यासारखे वाटते. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की योग्य रूप आपोआप येते. म्हणून फॉन्टला नावे ठेवण्याआधी भाषेची ती निवड करून पाहावी.

आता एकेका फॉन्टकडे वळतो. सर्वांत अधिक उपयोगी पडला तो यात्रा वन. कॅथरीन ली श्मिट यांनी आखलेल्या या फॉन्टच्या देवनागरी अक्षरांमागे मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांची प्रेरणा आहे आणि ती पहिल्या नजरेतच जाणवते. रेषांची टोके चपट्या ब्रशने तिरकी तोडल्यासारखी आहेत, वळणांत किंचित कोन राहिलेले आहेत आणि जाडी इतकी भरघोस आहे की दहा बाय तीन फुटांचा फलक रस्त्याच्या पलीकडून सहज वाचता येतो. गेल्या खरिपाआधी एका कृषी केंद्राचा फलक मी यात केला. पिवळ्या जमिनीवर गडद निळे अक्षर आणि खाली ‘बी-बियाणे, खते, औषधे’ ही ओळ. फलक लागल्यावर दोन जणांनी तो कोणत्या पेंटरने रंगवला असे दुकानदाराला विचारले, ही माझ्या दृष्टीने या फॉन्टला मिळालेली सर्वांत मोठी पावती आहे.

तरीही माझे समाधान पुरते झाले नाही, म्हणून त्याच फलकाचा कागदावरचा नमुना घेऊन मी आमच्या गावच्या जुन्या पेंटरकाकांकडे गेलो. फ्लेक्स येण्याआधी पंचक्रोशीतल्या शाळांच्या भिंती, सोसायटीच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्यांच्याच हातच्या होत्या. त्यांची पद्धत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. सुतळीला निळी पूड चोळायची, दोन टोकांना दोघांनी ती भिंतीवर ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायची, की भिंतीवर शिरोरेषा उमटते. मग त्या रेषेखाली अक्षरे खडूने टांगून घ्यायची, शेवटचे अक्षर पाटीत मावते का ते पाहायचे, मावत नसेल तर अलीकडच्या दोन अक्षरांना थोडे आवळायचे आणि त्यानंतरच ब्रश रंगात बुडवायचा. काकांनी माझा नमुना हातात धरून बराच वेळ निरखला आणि म्हणाले, “अक्षरं चांगले हायेत भाऊ, पण सारे र एकसारखेच कायले काढले?”

त्यांचे म्हणणे अगदी नेमके होते. त्यांच्या हातून एका पाटीत आलेले तीन ‘र’ तीन अंगांचे असतात. ओळीच्या शेवटचा ‘र’ पाय लांबवतो, ‘रा’मधला काना जवळ असला की तोच ‘र’ अंग चोरून उभा राहतो. फॉन्टमध्ये एका अक्षराची पर्यायी रूपे ठेवण्याची तांत्रिक सोय आहे. हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या वळणावर बेतलेल्या फॉन्टने तिचा मनापासून वापर करावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. यात्रा वनमध्ये जाडीही एकच मिळते, त्यामुळे फलकावरील मोठे नाव आणि त्याखालची बारीक ओळ यांसाठी दुसरा फॉन्ट शोधावा लागतो. मी खाली मुक्ता वापरतो. एक टाइप या भारतीय संस्थेचा हा फॉन्ट सात जाडींत मिळतो आणि साधा असल्यामुळे वरच्या अक्षराशी स्पर्धा करत नाही.

लग्नपत्रिकेसाठी लोक ज्याला ‘जुना टाइप’ म्हणतात, त्याचे मूळ खिळ्यांच्या छपाईत आहे. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे घोटीव रूप दिले, त्यात राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या खिळे कोरणाऱ्या कारागिराचा मोठा वाटा होता. त्या वळणाची छाया पुढे गावोगावच्या पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर छापलेल्या पत्रिकांवर पडलेली दिसते. मी ब्रह्मपुरीच्या एका छापखान्यात काम शिकलो, तेव्हा खिळ्यांच्या केसी (कप्प्यांचे ट्रे) कोपऱ्यात धूळ खात पडल्या होत्या, पण जुने कंपोझिटर एखादा ‘क्ष’ उचलून त्याची धार बोटाने दाखवत असत. त्या खिळ्यांतून आलेल्या ठशात शाई कागदात थोडी रुतलेली असे आणि अक्षराची कड किंचित फुललेली असे. वडिलांची पत्रिका घेऊन येणारा मुलगा त्या फुललेल्या कडेला ‘जुने’ म्हणत असतो, जरी त्याला ते शब्दांत सांगता येत नसले तरी.

रोझा वन या गरजेच्या जवळ जातो, पण पूर्णपणे पोहोचत नाही. इंडियन टाइप फाउंड्रीच्या या फॉन्टमध्ये उभ्या रेषा अतिशय जाड आणि जोडरेषा केसासारख्या बारीक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी अशा लठ्ठ अक्षरांची रोमन वळणे निघाली होती, त्यांचा थाट येथे देवनागरीला दिलेला आहे. वर-वधूंची नावे यात मोठी छापली की पत्रिकेला भारदस्तपणा येतो, विशेषतः ‘ज्ञ’, ‘श्री’ आणि ‘द्ध’ ही जोडाक्षरे पाहत राहावीत अशी आहेत. मात्र बारीक रेषांची काळजी घ्यावी लागते. खडबडीत हातकागदावर स्क्रीनने सोनेरी शाई दिली तेव्हा माझ्याकडे ‘चि. सौ. कां.’मधील अनुस्वार राहिला आणि ‘सौ’च्या मात्रेचा बारीक भाग गळाला. तेव्हापासून मी हा फॉन्ट चोवीस पॉइंटांच्या खाली वापरत नाही, गुळगुळीत कागदच घेतो आणि सोनेरी छपाई असेल तर अक्षराला बाहेरून केसभर जाडी देतो. पत्रिकेचा बाकीचा मजकूर यात जुळवण्याचा मोह कोणी करू नये. चार ओळींतच डोळे थकतात.

मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी घेतला आणि तेव्हापासून पत्रिकेच्या मजकुरासाठी मी दुसरा फॉन्ट उघडलेला नाही. तिरो टाइपवर्क्स या संस्थेने हिंदी, संस्कृत आणि मराठी यांच्यासाठी वेगवेगळी रूपे काढली आहेत आणि मराठीच्या फॉन्टमध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ कोणतीही खटपट न करता मिळतो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘आपले नम्र’पर्यंतचा मजकूर बारा पॉइंटांत जुळवला की तो जुन्या छापील पुस्तकाच्या पानासारखा शांत दिसतो. यात ठळक रूप नाही, सरळ आणि तिरपे अशी दोनच रूपे आहेत. सुरुवातीला ही उणीव वाटली, परंतु ठळक करण्यासारखे जे असते ते रोझा वनमध्ये जातेच, त्यामुळे या दोघांची जोडी जमली. माझ्या मते ज्यांना खिळ्यांच्या काळाचे ‘जुने’ हवे आहे, त्यांना शीर्षकाच्या नटव्या फॉन्टपेक्षा हा मजकुराचा साधा फॉन्टच ते अधिक प्रामाणिकपणे देतो. शीर्षकाचे अक्षरही त्यातलेच मोठे करून, त्याला वर-खाली एकेक दुहेरी रेषा देऊन पाहावे.

सप्ताहाच्या पत्रकासाठी वापरलेला जैनी हा फॉन्ट मला या सर्वांत धाडसी वाटतो. गिरीश दळवी आणि मैथिली शिंगरे यांनी तो कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या हस्तलिखितांतील अक्षरवळणावरून काढला आहे. त्याचे दोन प्रकार मिळतात : जैनीमधील अक्षरे आजच्या वाचकाला रुळतील अशी आहेत, तर जैनी पूर्वामध्ये जुन्या पोथ्यांची रूपे अधिक जपलेली आहेत. बोरूचे टोक तिरके कापलेले असते आणि त्यातून जाड-बारीक रेषांची जी एक ठाम लय येते, ती येथे संगणकावरही टिकून राहिली आहे. अक्षरे बसकी, रुंद, एकमेकांना खेटून बसलेली. गेल्या वर्षी शेजारच्या गावच्या सप्ताहाचे शीर्षक मी जैनीमध्ये केले, भोवती केशरी चौकट दिली आणि मजकूर तिरोमध्ये ठेवला. मंदिरातल्या पुजारीबुवांनी ते पत्रक पाहून आपल्या घरची हातची पोथी आणून शेजारी ठेवली आणि दोन्हींतला ‘भ’ ताडून पाहिला. पूर्वा मात्र पत्रकात वापरू नये असे माझे मत झाले आहे, कारण वाटेत उभ्याने वाचणारा माणूस एखाद्या अक्षरावर अडला तर कार्यक्रमाची वेळ त्याच्या ध्यानात राहत नाही. एखाद्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर, जेथे वाचकाला थांबायला सवड आहे, तेथे तो शोभेल.

मोदकविषयी थोडक्यात सांगतो. एक टाइपचाच हा फॉन्ट इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा बारीक चिरेएवढीच उरते. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैल सजावट स्पर्धेचा फ्लेक्स यात केला आणि मुलांना तो फार आवडला. मोठ्या आकारात तो उत्तम, हातपत्रकावर आला की चिरा शाईने बुजतात. जुनेपणाशी त्याचा संबंध नाही, परंतु सजावटीच्या अक्षरांत त्याची जागा पक्की आहे.

आता जे मिळत नाही त्याकडे वळतो, कारण गिऱ्हाईक समोर बसलेले असताना माझी खरी अडचण तेथे होते. जुन्या पत्रिकेची शोभा केवळ अक्षरांत नसते; चौकटीचे कोपरे, कलश, तोरण, दोन ओळींमधली वेलबुट्टी आणि अक्षरांमागची सावली यांत ती वाटलेली असते. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हा अक्षर आणि चित्र एकाच हाताने एकाच दगडावर उतरवता येत होते आणि म्हणून त्या छपाईत दोन्हींचे वळण जुळलेले असे. आजच्या फॉन्टसोबत अशी वेलबुट्टी येत नाही. मग इंटरनेटवरून उतरवलेली युरोपी वेल पत्रिकेच्या कोपऱ्यात येऊन बसते आणि देवनागरीच्या शिरोरेषेशी तिचे कधीच जमत नाही. सावलीचेही तसेच आहे. वडसा येथून निघणाऱ्या, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना नाटकाच्या नावामागची ती दुरंगी, खोल सावली आठवेल. पेंटर ती प्रत्येक अक्षराच्या वळणाप्रमाणे हाताने देत असत. सॉफ्टवेअरमधली सावली शिरोरेषेखाली साचते, उकारांत घुसते आणि ‘कू’, ‘रू’ ही अक्षरे वाचता येईनाशी होतात. सावलीसकट काढलेला, मराठी पेंटरांच्या वळणाचा एक फॉन्ट कुणी केला, तर त्यासाठी मी पहिल्या दिवशी पैसे मोजीन.

असे काम अशक्य नाही. हनिफ कुरेशी यांनी भारतातील पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरे गोळा करून ती फॉन्टच्या रूपात आणली आणि त्या फॉन्टना पेंटरांचीच नावे दिली, हे मला या क्षेत्रातले अत्यंत मोलाचे काम वाटते. त्यातला भर रोमन अक्षरांवर होता. मराठीत कमल शेडगे यांनी नाटकांच्या आणि नियतकालिकांच्या नावांना एकेक स्वतंत्र चेहरा दिला, पण ती अक्षरे त्या त्या नावापुरती काढलेली होती. गावातल्या पेंटरांची अक्षरे तर भिंतीबरोबरच चुन्याखाली गेली.

ज्यांना हे फॉन्ट प्रत्यक्ष वापरायचे आहेत, त्यांच्यासाठी कामाच्या दोन-तीन गोष्टी नोंदवतो. हे सर्व फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच सांकेतांक देणाऱ्या पद्धतीचे आहेत. तालुक्याच्या ठिकाणी अजून अनेक ठिकाणी कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या चालतात आणि त्यांत युनिकोड देवनागरी टाकली की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते व जोडाक्षरे सुटी पडतात. हा दोष फॉन्टचा नसतो. शीर्षक इंकस्केप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये जुळवावे, तेथे जोडाक्षरे व्यवस्थित येतात. अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे चित्ररेषांत रूपांतर करून, मग ती फाइल कोरलमध्ये उघडावी. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी सेटिंगमध्ये जाऊन निवडावी लागते, ती निवडल्याशिवाय देवनागरी टंकूच नये. फ्लेक्ससाठी फाइल वर्ध्याला किंवा अमरावतीला पाठवताना अक्षरांचे कर्व्ह केलेले असलेच पाहिजेत, कारण तिकडच्या संगणकावर तुमचा फॉन्ट असेलच असे नाही. कर्व्ह करण्याआधी मात्र मजकूर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. नंतर एक काना बदलायचा तरी सगळी ओळ नव्याने करावी लागते.

सध्या दुकानात निवड करताना मी गिऱ्हाइकासमोर त्याचेच नाव यात्रा वन, रोझा वन, तिरो आणि जैनी अशा चार ओळींत छापून ठेवतो आणि बोट कोठे जाते ते पाहतो. फलकवाल्यांचे बोट बहुधा यात्रावर जाते. पत्रिकेसाठी आलेली तरुण मुले आधी रोझा निवडतात आणि सोबत आलेली आजी तिरोकडे पाहत राहते, म्हणून दोन्ही वापरण्यावर ठरते.

पेंटरकाकांना मी जाड ड्रॉइंग पेपरचे ताव आणि दोन चपटे ब्रश नेऊन दिले आहेत. एका अक्षराची तीन तीन रूपे, प्रत्येकी चार इंच उंचीची, अशी ते काढून देत आहेत आणि मी ती स्कॅन करून ठेवतो आहे. ‘क’पासून ‘न’पर्यंतची अक्षरे झाली आहेत. ‘र’ त्यांनी पाच प्रकारे काढून दिला. ‘ऱ्ह’ काढण्यासाठी हात स्थिर हवा, म्हणून तो सकाळच्या उजेडात, कापूस घरात आल्यावर बसून करू, असे त्यांनी सांगितले आहे.